ओहायोतली बर्गंडी

काका वाइन प्यायचे नाहीत, थुंकायचे. घोटभर तोंडात घ्यायची, गालात खळबळवायची, दातांच्या फटीतून हवा आत ओढत सूं सूं आवाज काढायचा, डोळे मिटायचे आणि मग शेजारच्या पितळी तांब्यात पिचकारी. तांब्या काकूंच्या माहेरचा, लग्नात आलेला. त्यांच्या आईनं हौसेनं नाव घालून दिला होता, अमेरिकेत त्याच्या नशिबी हे आलं. थुंकून झालं की काका डोळे उघडायचे आणि सांगायचे, "ओलं वर्ष होतं. सप्टेंबरात पाऊस झालाय." आम्ही सगळे माना डोलवायचो. फ्रान्समध्ये कुठल्या सप्टेंबरात पाऊस झाला ते तपासायला कोण जाणार?

ऐंशीच्या दशकातल्या तीन उन्हाळ्यांची ही गोष्ट. माझा मुलगा दिलीप तेव्हा ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिन गावात नोकरीला होता. काका त्याच्या कंपनीतले त्याचे साहेब. मूळचे पुण्याचे, केमिस्ट्रीतले डॉक्टर, म्हणजे ताप उतरवणारे नव्हेत, कागद लिहिणारे. त्यांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये दिलीप भाड्यानं राहायचा. मी दर मे महिन्यात जायची आणि दिवाळीच्या आधी परत यायची. काका माझ्याहून दोन वर्षांनी लहानच असतील, पण तिथं केस पिकलेला प्रत्येक मराठी माणूस काका होतो, म्हणून मीही काकाच म्हणायची. ते मला ताई म्हणायचे.

माझं शिक्षण चौथी. पण तासगावाकडं आमची तीन एकर द्राक्षबाग होती आणि लग्न झाल्यापासून मी तिच्यात राबले. मालक गेल्यावर बाग दिरांनी 'सांभाळायला' घेतली. अजून सांभाळतायत. तेव्हा द्राक्षाचं मला थोडं कळतं. काकांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा! म्हणजे टेबल ग्रेप्स, नुसती खायची द्राक्षं." ज्या सुरात ते हे म्हणाले, त्या सुरात आमच्याकडं शेळ्या राखणाऱ्याला 'अरे वा, म्हणजे पशुपालन' म्हणतात.

काकांच्या लेखी जगात द्राक्ष पिकवणारा मुलूख एकच, फ्रान्समधला बर्गंडी. हा शब्द ते नाकातून काढायचे. त्यातही सगळा बर्गंडी नाही, एक उताराची पट्टी, आणि त्या पट्टीतही उताराचं मधलं अंग. वरच्या अंगाला माती पातळ आणि वारा फार. खालच्या अंगाला चिकणमाती, पाणी साठतं, थंडी साचते. मधे चुनखडी, निचरा चांगला, पूर्वेकडं तोंड, सकाळचं ऊन. तांबडी वाइन पिनो न्वार नावाच्या द्राक्षाची, पांढरी शार्डोनेची. पिनो न्वारची साल पातळ, घड गच्च, जरा पाऊस झाला की कुजतो, जरा गारठा पडला की कोंब करपतो. "अत्यंत नाजूक जात आहे, ताई. फार मनस्वी."

"मग लावतात कशाला?" मी विचारलं.

यावर काका तीन मिनिटं बोलले. उत्तर त्यात नव्हतं.

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी मला सांगितलं की तिथं एकेका मळ्याचे साठ-साठ, सत्तर-सत्तर मालक असतात. बापाचं वाटप मुलांत, मुलांचं नातवंडांत, होता होता एखाद्याच्या वाट्याला दोन ओळी उरतात. दोन ओळींची त्याची वाइन वेगळी आणि शेजारच्या चुलतभावाची वेगळी. मी म्हटलं, "याला आमच्याकडं भाऊबंदकी म्हणतात. त्याचे पैसे घेत नाही कोणी, उलट वकिलाला द्यावे लागतात." काकू ओट्याशी उभ्या होत्या, त्यांना ठसका लागला.

वाईट वर्षी द्राक्षात गोडी भरली नाही तर तिथले लोक रसात साखर घालतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. मी म्हटलं, मग हा मुरांबाच झाला की. त्यानंतर आठवडाभर त्यांनी माझ्याशी वाइनचा विषय काढला नाही. तो आठवडा बरा गेला.

काका आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलते. ते कंजूष नव्हते. दर शनिवारी चार-पाच मराठी पोरं, विद्यापीठात शिकणारी, उपाशी चेहऱ्याची, त्यांच्याकडं जेवायला यायची. काकू पोटभर वाढायच्या. अट एकच, जेवणाआधी वर्ग. पोरं ग्लास हातात धरून उभी. ग्लासात वाइन किती, तर औषधाच्या टोपणाएवढी. "फिरवा. वास घ्या. काय येतो?" एक पोरगा घाबरून म्हणाला, "काका, वरणाचा." खरं होतं ते, आत फोडणी चालली होती. काका म्हणाले, "बाहेर उभं राहून घे." जानेवारीत, बर्फात. पोरगा गेला, दोन मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, "चेरीचा येतो." त्याला सगळ्यात आधी पान वाढलं. शिकणारा होता, पुढं मोठ्या हुद्द्यावर गेला म्हणतात. हे मी पाहिलेलं नाही, दिलीपनं सांगितलेलं.

आणखी एक चांगलं. त्यांना स्वतःचं हसं व्हायची भीती नव्हती. घर घ्यायचं होतं तेव्हा लोक शाळा बघतात, रस्ता बघतात. काका थेट मागच्या अंगणात गेले, गुडघ्यावर बसले आणि मातीचा खडा उचलून जिभेवर ठेवला. खाली चुनखडी आहे आणि उतार पूर्वेला आहे, झालं, हेच घर. घर दाखवणारी गोरी बाई घाबरली. तिनं काकूंना हळूच विचारलं, तुमचे मिस्टर ठीक आहेत ना? काकू म्हणाल्या, "नो. बट ही विल बाय."

त्या उतारावर त्यांनी पिनो न्वारचे चाळीस वेल लावले होते. रोपं कुठल्याशा नर्सरीतून टपालानं मागवलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वेल तीन वर्षांचे होते आणि थोडे घडही धरले होते. काळेभोर, मुठीएवढे. काकांनी त्यांवर जाळी घातली, तरी पक्ष्यांनी खाल्ले. "पक्ष्यांना कळतं," ते म्हणाले, "चांगलं काय ते." त्यांना या गोष्टीचा अभिमान वाटत होता.

मी प्रत्येक रोपाच्या बुडाला, मातीच्या वर वीतभर, जाडसर गाठ बघितली. विचारलं, हे कलम का? तेव्हा काकांनी मला जे सांगितलं ते मी नीट ऐकलं, कारण पहिल्यांदाच मला माहीत नसलेलं काहीतरी ते बोलत होते. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतून एक बारीक कीड फ्रान्सला गेली. तिनं फ्रान्सभरच्या द्राक्षांच्या मुळ्या खाल्ल्या, मळेच्या मळे वाळले. अमेरिकेच्या रानटी वेलाच्या मुळांना मात्र ती कीड काही करू शकत नाही. मग फ्रेंचांनी अमेरिकेचा वेल खाली घेतला आणि आपला वर बांधला. तेव्हापासून फ्रान्सचं द्राक्ष म्हणजे धड फ्रेंच, पाय अमेरिकन. ही गोष्ट त्यांनी मला त्या उन्हाळ्यात तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा मी पालक निवडत होते आणि ते स्वयंपाकघरभर माझ्या मागं मागं फिरत होते.

मी ऑक्टोबरात घरी आले. पुढं त्या हिवाळ्यात ओहायोत अशी थंडी पडली की दिलीपनं पत्रात लिहिलं, गाडीचं दार उघडेना, त्यावर गरम पाणी ओतलं तर तेही गोठलं. काकूंनी काकांना म्हटलं होतं, वेलांच्या बुडाशी माती चढवा, गवत टाका, काहीतरी झाका. काका म्हणाले, "बर्गंडीत झाकत नाहीत." ओहायोच्या थंडीला हे कुणी कळवलं नव्हतं.

मार्चमध्ये चाळीसच्या चाळीस वेल काळे पडलेले. काकांनी हाय खाल्ली नाही, त्यांच्या स्वभावात ते नव्हतं. त्यांनी जवळच्या खाणीतून गाडीभर चुनखडीचे दगड आणले आणि प्रत्येक वेलाच्या बुडाशी ढीग रचला. दगड दिवसा तापतो, रात्री ऊब देतो, मुळ्या जाग्या होतील, असा हिशेब. आणि मे महिन्यात काय, दगडांच्या फटीतून हिरवेगार कोंब वर आले! एकेका वेलाला पाच-पाच, सहा-सहा.

मी पोचले तेव्हा विमानतळावर न्यायला दिलीपबरोबर काकाही आलेले. माझ्यासाठी नव्हे, ही बातमी सांगण्यासाठी. "ताई, वाचले! उणे वीसमध्ये पिनो न्वार वाचला! जगात कुठं झालं नाही हे. चुनखडीनं वाचवला!"

दुसऱ्या दिवशी मी अंगणात गेले. कोंब माझ्या गुडघ्याच्या वर आले होते. मी एक पान तोडून हातावर ठेवलं. पहिल्या वर्षीचं पान गोलसर, जाडसर, जरा सुरकुतलेलं होतं. हे पातळ, चकचकीत, कडेला करवतीसारखे दात.

आमच्या दारात मालकांनी हापूसचं कलम लावलं होतं. शेळीनं त्याचा शेंडा खाल्ला, वरचं मेलं आणि खालून रायवळ फुटला. मालक सहा वर्षं त्याला हापूस समजून पाणी घालत होते. मग मी सहा वर्षं त्याचं लोणचं घातलं. तेव्हा मला काय झालंय हे कळायला पान एकदा उलटंपालटं करण्यापलीकडं वेळ लागला नाही. वरचा फ्रेंच मेला होता. हा खालचा अमेरिकन होता.

घरात येऊन दिलीपला सांगितलं. तो पांढराफटक पडला. "आई, प्लीज. तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"का?"

"माझ्या ग्रीन कार्डाच्या पेपर्सवर त्यांची सही लागते. ते सगळ्या कंपनीला सांगत सुटलेत. आणि तू, सॉरी हं, तू त्यांना सांगणार की तुमची पानं चुकलीत?"

"पानं चुकली नाहीत. तुझे साहेब चुकलेत."

"आई!"

गप्प बसले. काका रोज सकाळी वही घेऊन अंगणात जायचे, कोंबांची लांबी मोजायचे आणि मला येऊन सांगायचे. मी म्हणायची, "हो का? अरे वा." मी दिवाळीला परत गेले, पुढच्या मे महिन्यात पुन्हा आले. वेल आता तारा सोडून कुंपणावर चढले होते. जूनमध्ये फुलोरा आला. सगळं अंगण घमघमलं. काका फुलाशी नाक नेऊन डोळे मिटून उभे राहायचे. पंधरा दिवसांत फुलोरा झडून गेला आणि मागं एक मणी धरला नाही. नर पपईसारखं. फुलं फार, फळ शून्य. काका म्हणाले, "वेल स्वतःला सावरतोय. पुढच्या वर्षी बघा."

इथपर्यंत सगळी गंमत होती. जुलैत एक दिवस काकू खाली बेसमेंटमध्ये आल्या. त्या कधी यायच्या नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे नोकरी सोडतायत."

काकांना दक्षिणेकडं ओहायो नदीच्या काठावर एक टेकडी सापडली होती. चुनखडी, पूर्वेचा उतार, मधलं अंग. ती घेऊन तिच्यावर हाच थंडी सोसणारा पिनो न्वार लावायचा, त्याची कलमं सगळ्या अमेरिकेला विकायची आणि बर्गंडीच्या तोडीची वाइन करायची. त्यासाठी हे घर विकायला काढायचं. टेकडीवर घर होईतो ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या डब्यात राहायचं. सोमवारी सही होती. शनिवारी सगळ्यांना जेवायला बोलावून जाहीर करणार होते.

"इथं आल्यापासून हे चौथं घर," काकू म्हणाल्या. "पहिलं ओकलाहोमात, तिथं साप निघायचे. मी प्रत्येक वेळी भांडी बांधली. हे घेतलं तेव्हा म्हटलं, आता मरेन ती इथून. तुम्हाला शेतीतलं कळतं. खरं सांगा, त्या वेलांचं काही होईल?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या रडत नव्हत्या, याचं मला बरं वाटलं.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

रात्री दिलीप पुन्हा हात जोडायला लागला. मी म्हटलं, "तुझे कागद अडले तर अडू देत. तू तिशीचा आहेस, ती बाई साठीला टेकली."

शुक्रवारी सकाळी मी काकूंचं खुरपं घेतलं आणि पहिल्या वेलाच्या बुडाचे दगड उपसायला लागले. काका कॉफीचा मग घेऊन धावतच बाहेर आले.

"ताई! ताई, दगड हलवू नका! त्यात सायन्स आहे!"

"तेच काढतेय बाहेर. या इकडं. वाका."

"काय आहे?"

"तुम्हीच सांगा. ही काय?"

"गाठ. कलमाची गाठ."

"गाठीच्या वरचं नखानं खरवडा."

त्यांनी खरवडलं. साल भुकटीसारखी गळली, आत लाकूड तपकिरी, कोरडं ठाक.

"आणि हे हिरवं कुठून फुटलंय?"

एका घोटावर चाळीस मिनिटं बोलणाऱ्या माणसानं कोंबावरून बोट खाली खाली नेलं. कॉफी गवतात सांडत होती, त्यांना कळलं नाही.

"खालून," ते म्हणाले.

"खालचं कोण असतं? तुम्हीच मला सांगितलंय. तीनदा."

त्यांनी दुसऱ्या वेलाचे दगड हातानं उपसले. मग तिसऱ्याचे. मी कट्ट्यावर जाऊन बसले. चाळीसही वेल बघितले त्यांनी, एकही सोडला नाही, गुडघ्यावर सरकत सरकत. उठले तेव्हा पँटचे गुडघे पांढरे झाले होते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या वर्षी. आले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"वर्ष झालं! मग बोलला का नाहीत?"

"दिलीपच्या कागदांवर तुमची सही लागते म्हणून."

"एवढंच?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मला खोटं नीट जमत नाही. "नाही. मजाही येत होती."

काकांनी हाताची माती पँटला पुसली. त्या दिवशी त्यांच्या बाजूनं बोलायला माझ्याकडं काही नव्हतं आणि माझ्या बाजूनंही नव्हतं.

"माझ्या लॅबमध्ये कुणी असा रिझल्ट दाबून ठेवला," ते हळू म्हणाले, "तर मी त्याला काढून टाकतो."

"काढा. महिन्याची मुदत द्या, घर शोधतो. पण आधी त्या टेकडीवाल्याला फोन करा."

ते आत गेले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. त्यांचं इंग्रजी मला एवढं कळलं की जमीन चांगली आहे, एक्सलंट आहे, पण मी घेत नाही. पलीकडच्यानं कारण विचारलं असावं. काका म्हणाले, "देअर इज नथिंग राँग विथ द हिल, सर." आत नळ सोडलेला ऐकू येत होता. मी उठून बघितलं तर काकू सिंकपाशी उभ्या. पाणी वाहत होतं आणि त्या काहीच धूत नव्हत्या.

काकांनी आम्हाला काढलं नाही आणि दिलीपच्या कागदांवरची सहीही अडवली नाही. दिलीप मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तेवढंच घर शांत राहिलं.

मला वाटलं, शनिवारचं जेवण रद्द होईल. झालं नाही. पोरं आली, शेजारचे गोरे नवरा-बायको आले, कंपनीतले दोघं-तिघं आले. दिलीप म्हणाला, "आई, तू आज वर येऊ नकोस." मी नवं लुगडं नेसून वर गेले.

काका हॉलच्या मधोमध उभे राहिले. हातात मुळासकट उपटलेला एक वेल. मी म्हटलं, आता हा माणूस काहीतरी थाप मारणार. त्यांनी मारली नाही. "मी वर्षभर मेलेल्या झाडाला पाणी घातलं," असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आधी मराठीत, मग शेजाऱ्यांसाठी इंग्रजीत. पोरं हसली, तेही हसले. मला वाटलं, संपलं, आता जेवू. पण संपतंय कसलं? ती नुसती सुरुवात होती. ती अमेरिकेची कीड, ते फ्रान्सचे वाळलेले मळे, वरचं धड, खालचे पाय, वेल हातोहात फिरवला, गाठ सगळ्यांना बोटानं चाचपायला लावली. नोकरीचं, टेकडीचं, सोमवारच्या सहीचं नाव नाही. वेल फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा ते म्हणाले, "या टप्प्यावर एका निरीक्षकाच्या असं लक्षात आलं की पानांचा आकार बदललेला आहे." आणि पुढं गेले.

मी काकूंच्या शेजारी बसले होते. त्यांना विचारलं, "निरीक्षक म्हणजे मी का हो?"

"दुसरं कोण असणार?"

"वरण गार झालं असेल. अर्धा तास झाला. तुम्ही तरी थांबवा त्यांना."

काकू पाठ टेकून बसल्या. तिन्ही उन्हाळ्यांत मी त्यांना पाहुणे असताना पाठ टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बोलू देत हो, ताई," त्या म्हणाल्या. "आपल्याच घरात बोलतायत."